डॉक्टरीणबाईंच्या मोटारीची फळी

सतारीच्या कारागिराकडे कुणी मोटार घेऊन येतं का, सांगा बरं?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकदा आली. लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार. चालवत होत्या डॉक्टर दमयंती केळकर. दवाखाना लेकीच्या हाती सोपवल्यावर त्यांनी ही मोडकी गाडी घेतली होती आणि हौसेनं उभी केली होती.

राहिला होता फक्त डॅशबोर्ड. मूळची लाकडी फळी वाळवीनं खाल्लेली. गॅरेजवाले प्लास्टिकची बसवू म्हणत होते. बाईंना लाकूडच हवं होतं, आणि तेही आपल्या सोयीचं. वेगाचा काटा नजरेसमोर, बाकीच्या तबकड्या मधोमध, कडेला चष्मा ठेवायला एक कप्पा. लाकडावर मायेनं हात फिरवणारी माणसं याच गल्लीत, म्हणून त्या मकबूलचाचांकडे आल्या.

चाचांनी ते काम भरतेशला दिलं.

भरतेश त्यांचा सगळ्यांत तयारीचा शिष्य. हात कसबी होता, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलं माहीत होतं. सतारी त्यानं कितीतरी केल्या होत्या. पण गवयाच्या मागे नुसता सूर धरून राहणारा तंबोरा चाचांनी अजून करू दिला नव्हता. गल्लीत बाकी सगळीकडे तंबोरा आधी शिकवत. चाचा शेवटी शिकवायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

भरतेश वर्षभर मागे लागला होता. चाचा म्हणाले, ही फळी कर, मग बघू.

त्यानं जीव ओतला. जुनं, मुरलेलं तुनाचं लाकूड निवडलं. सतारीच्या भोपळ्यावर बसणाऱ्या तबलीसारखं रंधून पातळ केलं. कडेनं पांढऱ्या वेलबुट्टीची नक्षी बसवली. शेजारचे कारागीर येताजाता विचारायचे, काय भरतेश, मोटारीला तारा कधी चढवणार? तो हसायचा. बोटानं टिचकी मारून त्यांना फळी ऐकवायचा.

बाई गाडी घेऊन गेल्या. दुसऱ्याच दिवशी परत आल्या.

फळी देखणी झालीय, म्हणाल्या, लग्नघरासारखी. पण गाडीनं जरा वेग घेतला की ती घुमायला लागते. जयसिंगपूरपासून इथपर्यंत घुमत होती.

भरतेशला यात तक्रार कुठे आहे तेच कळेना.

"घुमणारच की, बाई. लाकूड जिवंत आहे."

"अरे, पण मला इंजिन ऐकू येत नाही." बाई शांतपणे म्हणाल्या. "माझा जन्म लोकांच्या छातीचे ठोके ऐकण्यात गेला. गाडीही मी कानानंच चालवते."

भरतेशनं चाचांकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. फळी नापास झाली, म्हणजे तंबोराही गेला...

चाचा उठले. लुंगी सावरत गाडीत बाईंच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, चालू करा.

इंजिन चालू झालं. बाईंनी पायानं थोडा जोर दिला. फळी घुमू लागली.

चाचा मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिले.

"सूर धरलाय फळीनं."

भरतेश खुलला. "तुम्हीच शिकवलंत, चाचा. जे बोलत नाही ते लाकूडच नव्हे."

"हो. मीच शिकवलं."

"यात गातंय कोण, भरतेश?"

"फळी."

चाचांनी तळहात फळीवर सपाट टेकवला.

घुमणं थांबलं. आणि खालून इंजिनाचा आवाज वर आला. खोल, एकसारखा, तृप्त मांजरासारखा.

बाईंनी डोळे मिटले. "हेच," त्या हळूच म्हणाल्या.

चाचांनी हात उचलला. फळी घुमली. इंजिन बुडालं.

पुन्हा हात टेकवला.

"आता कोण गातंय?"

भरतेशनं फळीवरच्या त्या हाताकडे पाहिलं.

बाईंना हसू आलं. त्या म्हणाल्या, मग चाचा, तुमचा हात इथंच ठेवून जा, नाहीतर रोज तुम्हालाच शेजारी बसवून हिंडावं लागेल. चाचाही हसले. गाडीतून उतरले आणि काही न सांगता नमाजाला गेले.

बाई गाडी ठेवून रिक्षानं घरी परतल्या.

भरतेशनं पान्हा घेतला आणि फळी उतरवली. नक्षीला हात लावला नाही. पाठीमागून मात्र शिसवाची जाड फळी सरसानं जोडली, दोन्हींच्या मध्ये नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा, तुकडा गच्च दाबून बसवला. सगळं शिकंज्यात आवळून ठेवलं.

सरस धरल्यावर त्यानं टिचकी मारली.

ठक.

असा आवाज देणारं लाकूड तो आजवर चुलीसाठी बाजूला काढत आला होता.

दिवेलागणीला त्यानं फळी गाडीत बसवली. गाडी चालू करून पाहिली. फळी गप्प होती. इंजिन मात्र भरभरून बोलत होतं, आणि त्यात मधूनच एक बारीकसा खाकरा होता, जो त्यानं आधी ऐकलाच नव्हता. तो ऐकत बसला. ऐकता ऐकता आपण फळीकडे बघतही नाही, हे त्याच्या उशिरानं ध्यानात आलं.

चाचा दुकानाच्या पायरीवर येऊन बसले होते.

भरतेश गाडी बंद करून त्यांच्या शेजारी बसला. समोर गल्लीतली माणसं दुकानं आवरत होती. वारा चांगला सुटला होता.

"चाचा, बाईंना आता माझं काम ऐकू येईल?"

"नाही."

"मग इतकं केलंय हे त्यांना कळणार कसं?"

चाचांनी त्याच्या शर्टावरचा भुसा झटकला.

"नाही कळलं, तर जमलं समज."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या, त्यांनी गाडी चालू केली, कान देऊन ऐकलं आणि फळीबद्दल एक शब्दही न बोलता गाणं गुणगुणत निघून गेल्या. गाडी वळणाआड गेल्यावर चाचा आतून तंबोऱ्याचा वाळलेला भोपळा घेऊन आले आणि त्यांनी तो भरतेशच्या मांडीवर ठेवला.