परमशांत महाराज आणि येसूचे साक्षीदार

"आम्ही रागीट? आम्ही?" रणधवल महाराजांनी हातातला चांदीचा पेला भिंतीवर भिरकावला. "कोण म्हणतं असं? आणा त्या बाईला समोर!"

येसू बुरडीण समोर उभी केली गेली. सुपं, टोपल्या आणि बांबूचे पंखे विकून पोट भरणारी बाई. बाजारात कोणीतरी तिला विचारलं होतं, राजवाड्यात एवढे पंखे लागतात तरी कशाला? येसू बोलून गेली, "कितीबी वारा घाला, म्हाराजांचं डोस्कं काय थंड हुईत न्हाई. निम्मे पंखे तर लोकांच्या पाठीवरच मोडत्यात!" बाजार पोट धरून हसला आणि हसणाऱ्यांपैकीच एकाने धावत जाऊन बातमी राजवाड्यावर पोचवली. असे तत्पर लोक प्रत्येक राज्यात असतात.

महाराजांची मात्र स्वतःबद्दल पक्की समजूत होती की आपला स्वभाव लोण्याहून मऊ आहे. त्यांनी राजमुद्रेवर 'परमशांत' अशी पदवी कोरून घेतली होती. कोरताना अनुस्वार जरा बाजूला बसला म्हणून कारागिराला चाबकाचे फटके मिळाले. तेही अर्थात शांतपणे.

"बोल!" महाराज गरजले. "आमच्या रागाला साक्षीदार कोण?"

"समदं राज्य हाय की, म्हाराज!"

"सगळं राज्य नको, एकच आण! दिवस मावळायच्या आत, भर दरबारात! नाही मिळाला तर घर सोड, नदीकाठचं तुझं बांबूचं बेट सोड आणि राज्याबाहेर चालती हो!"

"आन् मिळाला, तर त्या साक्षीदाराचं काय हुईल?"

"त्याचं काय करायचं ते आम्ही बघू!" महाराज दात आवळून म्हणाले.

एवढं प्रेमळ आश्वासन मिळाल्यावर साक्षीदारांची रीघ लागायला हवी होती. का लागली नाही, कोण जाणे!

ते बेट येसूच्या सासऱ्याने लावलेलं. ते गेलं की बांबू गेला, धंदा गेला आणि म्हातारी सासू रस्त्यावर. ती तडक दिवाणजींकडे गेली. दिवाणजींच्या कपाळावर भलंमोठं टेंगूळ होतं.

"दिवाणजी, हे कशानं झालं?"

"खांब! अचानक आडवा आला. महाराजांचं नाव घेऊ नकोस हं. चंदन आहेत ते, चंदन!"

मग ती मुदपाकखान्यात गेली. मुख्य आचाऱ्याचा कान भाजला होता.

"आमटी उतू गेली," आचारी म्हणाला.

"कानापातुर?"

"फार उतू गेली."

शेवटी राहिले राजवैद्य. राजवाड्यात मलमं पुरवून पुरवून त्यांनी माडीवर माडी चढवली होती. "महाराजांइतका शांत माणूस मी पाहिला नाही," ते हात जोडून म्हणाले. "देव त्यांना उदंड आयुष्य देवो आणि हाच स्वभाव कायम ठेवो!" शेवटचं वाक्य तरी ते अगदी मनापासून बोलले.

संध्याकाळी दरबार खच्चून भरला. पातळ पडद्यामागे राणीसाहेबही येऊन बसल्या. येसू एकटीच आत आली.

"कुठाय साक्षीदार?"

"न्हाई गावला, म्हाराज. समदे म्हनत्यात, तुमी चंदन हायसा. मी हरले. जाते."

महाराजांनी मिशीवर ताव दिला. दरबाराने "वा! वा!" केलं. येसू दारापर्यंत गेली आणि थबकली.

"जाता जाता येक सांगू का, म्हाराज? तुमची पगडी डावीकडं कललीया. जरा सारखी करा."

महाराजांनी पगडी नीट करायला हात वर उचलला.

आणि अख्खा दरबार खाली वाकला! दिवाणजी आसनामागे गडप झाले. सेनापतींनी ढाल डोक्यावर धरली. लढाईत त्यांची ढाल इतक्या चपळाईने वर गेलेली कोणी पाहिली नव्हती. चवरी ढाळणारा चवरीसकट आडवा झाला. पडद्यामागे बांगड्या वाजल्या. राणीसाहेबही दचकून मागे सरल्या होत्या.

"झाली साक्ष, म्हाराज!" येसू म्हणाली.

"कसली साक्ष? एकानेही तोंड उघडलेलं नाही!"

"तोंडाला खोटं बोलाया शिकवलंया त्यांनी. मानंला शिकवायचं ऱ्हायलं!"

महाराज लालबुंद झाले. ओरडायला तोंड उघडलं, पण समोर नुसत्या पाठीच पाठी! एक चेहरा दिसेल तर शपथ. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांना लाज वाटली, बहुधा जन्मात पहिल्यांदाच. त्यांनी हात हळूच खाली घेतला. तेव्हा कुठे एकेक डोकं वर आलं.

"आणि तू गं? तू का नाही वाकलीस?"

"मी कशापायी वाकू, म्हाराज? मी तर निघाले. भ्यायचं त्यांनी, ज्यांना उद्याबी तुमच्यापाशी नांदायचंय!"

सेनापतींनी ढाल पुन्हा हाताशी ओढली. तेवढ्यात पडद्यामागून हसू फुटलं. राणीसाहेब! कित्येक वर्षांत राजवाड्यात कोणी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं. महाराज चमकले, क्षणभर ऐकत राहिले आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले. दरबारी आधी दिवाणजींकडे बघून, मग अंदाज घेत घेत हसले.

"बेट तुझं!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "सारा माफ, पिढ्यान् पिढ्या! आणि हे घे!"

त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि नेहमीच्या सवयीने तिच्याकडे फेकायला हात उगारला. लगेच दरबारातल्या माना खाली जाऊ लागल्या. महाराज थांबले, सिंहासनावरून खाली उतरले, चालत येसूपाशी गेले आणि ते कडं त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवलं.