टिचकीने दुपटं रंगवून आणलं

एक होती उंदरी. तिचं नाव टिचकी. तिला होता एक भाऊ, शेंगदाण्याएवढा.

बाळाचं दुपटं होतं मोराच्या मानेसारखं, निळं-हिरवं. टिचकीने ते धुतलं आणि कडक उन्हात वाळत घातलं. व्हायचं तेच झालं. रंग उडाला. दुपटं झालं पांढरंफटक. बाळाला ते ओळखूच येईना. झोपेना. रडे आपलं, चीं चीं चीं.

टिचकीला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "मी रंगवून आणीन. आणल्याशिवाय राहायची नाही."

दुपटं घेऊन निघाली. तुरु तुरु तुरु. आले रंगारी गफूरचाचा.

"चाचा, चाचा, रंग द्या. रंग नाही, तर बाळ झोपेना."

चाचा म्हणाले, "मोराचा रंग बर्फातून झिरपतो बेटा. आधी बर्फ आण."

टिचकी बसली का रडत? छे. तुरु तुरु तुरु. आली बर्फवाली सगुणामावशी.

"मावशी, मावशी, बर्फ दे. बर्फ नाही, तर रंग नाही. रंग नाही, तर बाळ झोपेना."

मावशी म्हणाली, "नुसता नेशील तर वाटेतच पाणी होईल. झाकायला आधी भुसा आण."

टिचकी बसली का रडत? छे. तुरु तुरु तुरु. आले सुतार धोंडूमामा.

"मामा, मामा, भुसा द्या. भुसा नाही, तर बर्फ नाही. बर्फ नाही, तर रंग नाही. रंग नाही, तर बाळ झोपेना."

मामा म्हणाले, "ओंडका कापला की भुसा पडेल. पण ओंडका गाडीत, आणि बैल बसलाय अडून. आधी त्याला उठव."

टिचकी बसली का रडत? थोडीशी बसली. पाय दुखत होते. मग उठली. तुरु तुरु तुरु. दिसला पवळ्या बैल.

"पवळ्यादादा, ऊठ. ओंडका नाही, तर भुसा नाही. भुसा नाही, तर बर्फ नाही. बर्फ नाही, तर रंग नाही. रंग नाही, तर बाळ झोपेना."

पवळ्याने मान फिरवली. म्हणाला, "दावं मानेला काचतंय. गाठ कुणालाच सुटत नाही. मी नाही उठणार."

टिचकी चढली त्याच्या मानेवर. कुर्र कुर्र कुर्र. दात दुखले, तरी कुर्र कुर्र कुर्र. तट्. दावं तुटलं.

पवळ्या उठला. ओंडका आला. करकर करकर, भुसा पडला. मावशीने भुशात बर्फ दिला. चाचांनी दुपटं भिजवलं, चुरगळलं, चाळणीत ठेवलं. वर बर्फ. बर्फावर रंगाची पूड, चिमूट चिमूट.

टप टप टप. टिचकी सारखी हात लावायला जाई. चाचा म्हणाले, "बर्फाला त्याचं काम करू दे." एवढं धावली, पण गप्प बसणं तिला सगळ्यात अवघड गेलं.

बर्फ संपला. दुपटं धुऊन सावलीत वाळवलं. उघडलं. कुठे निळं, कुठे हिरवं, कुठे दोन्ही.

टिचकीने ते बाळावर घातलं. बाळाने चीं करायला तोंड उघडलं, आणि आली जांभई.

बर्फ वितळला, रंग चढला, बाळ निजलं.

श्श. हळू बोला.