पुढच्या जत्रेचं भिंग

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कोणत्या राजाच्या काळातली ते मला विचारू नका; त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा कान उघडे ठेवून ऐका, कारण ही चूक लहान मुलं करत नाहीत.

नदीकाठी एक गाव होतं. गावात सगळी घरं कापड छापणाऱ्यांची. लाकडावर नक्षी कोरायची, तो ठसा रंगात बुडवायचा आणि कापडावर दाबायचा, हा त्यांचा धंदा. गावाची एक रीत होती. लेक सासरी निघाली की तिच्या खांद्यावर बापाघरच्या किनारीचा शेला असायचा. कुणाची किनार कैऱ्यांची, कुणाची मासोळ्यांची. लेक मुलुखात कुठेही जावो, भर बाजारात एखादी बाई तिला थांबवायची आणि म्हणायची, "अगंबाई, मासोळीवाल्यांची का तू? तुझ्या आत्याला ओळखते की मी!" जिच्यामागे कुणीच नाही, अशा पोरक्या मुलीचा शेला तेवढा कोरा असायचा. आणि घरची किनार घरच्याच माणसाने कोरायची, दुसऱ्याने त्यात हात घालायचा नाही.

या गावात माणकोजी नावाचा ठसेकार राहत होता. त्याची बायको येसू आणि एकुलती एक लेक सगुणा. त्यांच्या घरची किनार पोपटांची. माणकोजीच्या आजोबांनी ती कोरली होती आणि कोरताना म्हातारबुवांचा हात चुकला होता. पोपटाच्या पायाला चार बोटं असतात, यांच्या पोपटाला पाच. पण त्या पाचव्या बोटावरूनच या घरच्या लेकी गावोगाव ओळखल्या जायच्या.

एका उन्हाळ्यात आजोबांचा तो ठसा मधोमध तडकला. आता नवा कोरणं आलं. नेमकं त्याच सुमाराला माणकोजीचं जवळचं दिसणं मंदावलं. मोठी पानं, फुलं तो हाताच्या सवयीने कोरायचा, त्यावर पोट भरत होतं. पण पोपटाच्या पिसांच्या केसाएवढ्या रेघा? त्या त्याला दिसेनात.

"काय घाई आहे?" तो म्हणाला. सगुणाचे तेव्हा दुधाचे दात पडत होते.

त्या वर्षी जत्रेत एक भिंगवाला आला. काच घासून तो भिंगं करायचा. माणकोजीने भिंग डोळ्याला लावलं, दुसऱ्या हातात आजोबांचा ठसा धरला, आणि माणूस आनंदाने ओरडलाच, "दिसतंय! अगं येसू, पीस न् पीस दिसतंय! हे बघ, हे पाचवं बोट!"

"मग घ्या की," येसू म्हणाली. पैसे तिने कनवटीला आणलेच होते.

पण माणकोजी भिंग उलटसुलट करून बघायला लागला. काच हिरवट होती. आत एक बुडबुडा होता.

"का हो, पुढच्या वर्षी याहून चांगलं येईल का?"

भिंगवाला खोटं बोलणारा नव्हता. "येईल तर! मी दरसाल शिकतोच आहे. पुढच्या वर्षी बुडबुडा नसेल."

"मग पुढच्या वर्षी घेतो."

"घेण्याजोगं हेही आहे, ठसेकार," भिंगवाला म्हणाला.

माणकोजीने ऐकलं आणि भिंग खाली ठेवलं.

पुढच्या वर्षी बुडबुडा गेला होता. पण भिंग हातात धरावं लागायचं. मग पटाशी कोणत्या हाताने धरायची आणि ठोकणी कोणत्या? माणकोजीने तोच प्रश्न विचारला, भिंगवाल्याने तेच खरं उत्तर दिलं. त्याच्या पुढच्या वर्षी भिंगाला लाकडी पाय आले होते, पण कडेला रेघा वाकड्या दिसत. शेजारच्या तुळाजीने ते घेतलं. त्याने मासोळ्या कोरल्या, त्यातल्या दोन पोटाशी जरा फुगीर झाल्या. माणकोजी ते बघून खो-खो हसला.

"हसा," येसू म्हणाली. "त्याच्या लेकीचा शेला छापून पेटीत पडला. आपल्या पेटीत काय आहे?"

"अगं, मला आजोबांची चूकसुद्धा सुधारायची आहे. चारच बोटांचा पोपट कोरणार आहे मी. असलं ओबडधोबड भिंग घेऊन कसं जमेल? मुलुख बघत राहील अशी किनार देणार आहे मी माझ्या सगुणाला."

खोटं नव्हतं ते. लेकीवर त्याचा जीव होता. आणि म्हणूनच तर मला त्याचा इतका राग येतो! आळशी माणूस असता तर चार शिव्या देऊन गोष्ट संपवली असती.

एका वर्षी त्याचं लक्ष भिंगवाल्याच्या स्वतःच्या डोळ्याकडे गेलं. तिथे तेच पहिलं हिरवट, बुडबुड्याचं भिंग दोऱ्याने बांधलेलं होतं.

"हे काय? इतकी चांगली भिंगं विकता आणि स्वतः हे वापरता?"

"मला रोज काम असतं ना," भिंगवाला म्हणाला. "हे नसतं, तर ती पुढची झालीच नसती."

माणकोजीला वाटलं, भिंगवाला गंमत करतोय. तो हसून घरी गेला.

अशा सहा जत्रा झाल्या. सगुणा आईच्या खांद्याला लागली. आणि माणकोजीच्या डोळ्यांवर हळूहळू पांढुरका पडदा धरू लागला. आधी दिव्याभोवती वलयं दिसली. मग माणसांचे चेहरे पुसट झाले. त्याने कुणाला सांगितलं नाही. मनात म्हणायचा, चांगलं भिंग आलं की सगळं दिसेल.

सातव्या वर्षी सगुणाचं लग्न ठरलं. जत्रेनंतर महिन्याने मुहूर्त. माणकोजी येसूचा हात धरून जत्रेत गेला. गर्दीमुळे हात धरलाय, असं त्याने तिला सांगितलं. तिने मान हलवली, पण तिला कळलं.

भिंगवाल्याने मखमलीतून एक जोडी काढली. दोन्ही डोळ्यांना बसणारी, पातळ, पाण्यासारखी स्वच्छ. "ठसेकार, याच्यापुढे काय करावं ते मलाही आता सुचत नाही."

सात वर्षं माणकोजी हेच ऐकायला थांबला होता. त्याने किंमतही विचारली नाही. भिंगं डोळ्यांवर चढवली आणि ठसा समोर धरला.

"पुसली नाहीत का ही?" तो म्हणाला.

"पुसलीत, ठसेकार."

"पुन्हा पुसा बरं."

भिंगवाल्याने पुसली. माणकोजीने पुन्हा लावली. ठसा नाकापाशी आणला, लांब नेला, उन्हात धरला.

"अजून एकदा पुसा हो. धूळ आहे त्यांच्यावर."

भिंगवाल्याने तिसऱ्यांदाही पुसली. काय करणार बिचारा! पुसून झाल्यावर त्याने येसूकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून उभी होती.

भिंगं माणकोजीने तरीही विकत घेतली. घरी आल्यावर तो पटाशी घेऊन बसला. "तू बघून सांग, मी कोरतो," तो येसूला म्हणाला. तिने सांगितलं. पण केसाएवढी रेघ तोंडाने कशी सांगायची? पहिला पोपट मोडला, दुसरा मोडला. येसूने स्वतः पटाशी हातात घेतली, तर तिचं बोट कापलं. शेवटी ती म्हणाली, "अहो, आजोबांचाच ठसा मारू. तडकलेला तर तडकलेला." रंगात बुडवून तिने तो कापडावर दाबला आणि ठशाचा चुरा झाला. जत्रेपुरता तेवढा बाहेर काढत, एरवी तो ठसा वर्षभर माळ्यावर पडून असायचा. वाळवीने आतून कधीच खाल्ला होता. कापडावर नुसता डाग उमटला.

लग्नाच्या दिवशी सगुणाच्या खांद्यावर कोरा शेला होता. आई आहे, बाप आहे, आणि शेला पोरकीचा! मांडवात बायका कुजबुजल्या. निघताना ती बापाच्या पाया पडली. माणकोजीने चाचपडत तिच्या शेल्याची कड धरली आणि त्या कोऱ्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"सगुणे, माझं चुकलं गं."

"असू दे, आबा," ती म्हणाली. "मी कड आत दुमडून घेत जाईन. कुणाला दिसणार नाही."

माणकोजी तिथेच खाली बसला आणि हमसून हमसून रडला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो पुढे मरेपर्यंत म्हणत असे.

सगुणा सासरी गेली. तिकडच्या बाजारात तिला कुणी थांबवलं नाही, कुणाची म्हणून विचारलं नाही. तिलाही पुढे लेकी झाल्या. त्यांना आजोळच्या पोपटांबद्दल सांगायची, तेव्हा त्या विचारत, "कसे होते गं?" आणि तिला सांगता यायचं नाही. पाच बोटांचा पोपट त्या मुलुखातून कायमचा गेला.

सगुणाच्या लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला भिंगवाला मुद्दाम माणकोजीच्या दारी आला. माणकोजी ओट्यावर बसला होता. ती पातळ, स्वच्छ भिंगं त्याच्या डोळ्यांवर होती. रोज सकाळी तो ती पुसून लावायचा.

"ठसेकार, कसे आहात?"

माणकोजीने आवाज ओळखला. सात वर्षांचा तो प्रश्न मात्र त्याने या वेळी विचारला नाही. त्याने भिंगं काढून भिंगवाल्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "ती पहिली, बुडबुड्याची काच आहे का हो अजून तुमच्याकडे? एकदा हातात द्या."

भिंगवाल्याने डोळ्यावरची काच सोडून त्याच्या तळहातावर ठेवली. माणकोजीने ती बोटांनी चाचपून पाहिली. बुडबुडा आतल्या बाजूला होता, बोटाला तो लागलाच नाही.

म्हणून सांगतो: काम भागेल असं साधन हाती आलं की कामाला लागावं, उद्या याहून चांगलं नक्की येईल, पण ते वापरायला आपण आजच्यासारखे राहिलेले नसू.