कशावरूनची विहीर

या, इथं बसा, जरा सावली आहे. हा माळ चढायचा म्हणजे माझे गुडघे आता नको म्हणतात. समोर दिसते ती कशावरूनची विहीर. वाकून पाहिलं तर भोवळ येईल इतकी खोल आहे, पण पाणी तिला कधीच लागलं नाही.

फार पूर्वी आमच्या गावात धाकोजी नावाचा पाणाड्या होता, असं सांगतात. जमिनीखालचं पाणी दाखवणारा. त्यानं काठी टेकवावी आणि तिथं पाणी लागावं. त्याचा मुलगा रायाजी लहानपणी विचारायचा, "आबा, तुमास्नी कसं कळतं?" धाकोजी म्हणे मिशीवरून हात फिरवायचा. "आपल्या रगतातच हाय त्ये. येळ आली की तुझं तुला कळंल." शिकवलं मात्र काही नाही.

धाकोजी गेला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. गावानं रायाजीला या माळावर आणलं. त्याला आतून काहीसुद्धा कळेना. पण सगळं गाव तोंडाकडे बघतंय म्हटल्यावर त्यानं घाबरून काठी टेकवली, ती इथं. धाकोजीच्या पोराला 'कशावरून' असं विचारणार कोण? माणसं खणत सुटली. खडक लागला, तो फोडला. त्याच्याखाली पुन्हा खडकच. गुरं मेली, लोक दारांना बाभळीच्या काट्या लावून परगावी निघाले. उरलेले खणतच राहिले. दमलेल्या माणसाला थांबायचंही सुचत नाही, हे मला या वयात पटतं.

शेवटी रायाजीनं पहार टाकली आणि सगळ्यांसमोर रडला. "मला कायबी कळत न्हाई. कवाच कळलं न्हाई."

लोक मारायला धावले. त्याची आई गिरजा विहिरीतले दगड वाहत होती. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"त्येला मारू नगा. त्येच्या बाला तरी उपजत कुठं कळत हुतं? आमचं लगीन झालं तवा त्ये मेंढक्यांच्या मागं फिरायचं. उंबर कुठं हिरवा ऱ्हातो, मुंग्या वली माती कुठनं काढत्यात, समद्यास्नी इचारायचं. म्होरं नाव झालं, मग सांगायची लाज वाटाय लागली."

"आई, मग आदी का न्हाई सांगितलंस?" रायाजीनं विचारलं.

"मला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली.

रायाजी तसाच उठून मेंढक्यांकडे गेला. विचारत विचारत त्यानं खालच्या ओढ्याकाठी जागा धरली आणि तिथं पाणी लागलं, म्हणे. पण तोवर निम्मं गाव उठलं होतं, ते परत आलं नाही. मला त्या म्हातारीचं फार वाईट वाटतं. सगळं ठाऊक असून बिचारी दगड वाहत राहिली.

आजही गावात कुणाला विहीर पाडायची असली, की पाणाड्याला आधी इथं आणतात. गावातल्या बायका त्याला विचारतात, "कशावरून?" त्यांचं समाधान झाल्याशिवाय नारळ फुटत नाही. आणि 'मला आतून कळतं' असं कुणी म्हणालाच, तर त्याला चहा पाजून परत पाठवतात.