दहा तासांचा पडदा

आलेखाचा कागद कचेऱ्यांतून अजून हद्दपार झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पूर चढत होता. पाणी धरणाच्या भिंतीवरून कधी जाईल, हे धरणाच्या अभियंता कुमुद तांबोळी आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर शोधत होत्या.

"पाण्याची रेषा भिंतीच्या रेषेला छेदतच नाही. धोका नाही," कॅल्क्युलेटर म्हणाला.

"बाई, याच्या पडद्यावर दहाच तास मावतात," टेबलावरचा कागद कळवळला. "पुढचं माझ्यावर काढून बघा."

"पडद्यावर नाही, ते नसतंच," कॅल्क्युलेटर म्हणाला.

कुमुदताईंनी धरणाखालचं गाव हलवायचा आधी दिलेला हुकूम मागे घेतला. बाराव्या तासाला पाणी भिंतीवरून गेलं आणि सतरा माणसं वाहून गेली.

चौकशीत कॅल्क्युलेटरचं उत्तर दहा तासांपुरतं अचूक ठरलं. कागदाला कुणी विचारलंच नाही. त्याच कागदानं शिपायानं कचेरीतला चिखल पुसून घेतला.