शुल्क पाण्यातच भरावे

नदीवर कुणीतरी बसलं होतं. खालच्या सगळ्या वस्त्यांना हे माहीत होतं. पण कोण बसलं आहे, हे तोंडाने बोलायची वेळ आली की जो तो खाली पाण्यात बघू लागे. 'काही मंडळींनी नदी अडवली आहे', 'ज्यांना कळायला हवं त्यांनाच कळत नाही', अशी मोघम भाषा तिथे चाले. आणि अलीकडे तर खाली बघायलाही पाणी फारसं उरलं नव्हतं.

बसलेला होता एक हत्ती. दोन टेकड्यांमधल्या खिंडीत तो असा चपखल बसला होता, की त्याच्या पुढ्यात मोठं तळं साचलं होतं आणि पाठीमागे नदी आटत चालली होती. त्याचं तोंड तळ्याकडे होतं. खालच्या वस्त्यांनी त्याचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. जे दिसायचं त्यालाच ते नमस्कार करीत.

हत्ती वर्षातून एकदाच उठे. बहाव्याचं शेवटचं फूल गळेल त्या दिवशी. खिंडीजवळच्या दगडावर तसा नियमच कोरलेला होता: 'बहाव्याचं शेवटचं फूल गळालं, त्या दिवशी थोरले उठले.' थोरले म्हणजे या हत्तीचे आजोबा. ते का उठले, हे दगडावर लिहिलेलं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. थोरले उठले म्हणून धाकटे उठले, आणि आता हा उठत होता.

खाली नदीच्या पात्रात वाळूचं एक बेट होतं. त्यावर एका सुरयीने अंडी घातली होती. सुरय म्हणजे नदीवर भिरभिरणारा, काळ्या टोपीचा आणि पिवळ्या चोचीचा पक्षी. ही सुरय तरुण होती, शिकलेली होती आणि तिला थांबणं म्हणून जमत नसे. गेल्या वर्षी पाणी आटलं, बेट काठाला लागलं आणि कोल्हा पायसुद्धा न भिजवता चालत आला. तिची तीन अंडी खाऊन, तोंड पुसून, 'वाळू फार गार आहे हो इथली' असं म्हणून निघून गेला. यंदा पुन्हा तीन अंडी होती. बहाव्याला अजून कळीही नव्हती. बेटाभोवतीचं पाणी रोज बोटभर खाली जात होतं.

हत्तीने पुरतं उठावं, असं सुरयीचं म्हणणं नव्हतंच. तो एकदम उठला की पूर येई आणि त्यात बेटच बुडे. त्याने जरासं सरकावं, बारीकशी धार सुटावी, बेटाभोवती पाणी राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. ते घेऊन ती थेट खिंडीत गेली.

हत्तीच्या पाठीवर एक बगळा एका पायावर उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याचं तोच बघे.

"साहेबांना थोडं सरकायला सांगा," सुरय म्हणाली.

"तळं म्हणजे काय तुमच्या घरचा रांजण वाटला, कलंडला की झालं?" बगळ्याने डोळे न उघडता विचारलं. "एकट्यादुकट्याचा अर्ज आम्ही घेत नाही. सगळ्या वस्त्यांचा मिळून आणा. शुल्क शंभर द्रोण."

"शंभर द्रोण काय?"

"पाणी. साहेब सरकले तर तळ्याचं नुकसान होईल की नाही, याचा अभ्यास करावा लागतो. अभ्यासात पाणी आटतं. ते भरून द्यायला नको?"

दुसरी कुणी असती तर इथेच थांबली असती. पण सुरयीला 'सगळ्या वस्त्यांनी मिळून' हे शब्द इतके आवडले, की पुढचं तिने नीट ऐकलंच नाही. ती खाली आली आणि तिने त्याच दुपारी सभा बोलावली.

सभेला डोहातली थोरली म्हैस चांदीआत्या आली, काठावरचे खेकडे तिरकेमास्तर आले आणि डबक्यातल्या बेडकांतर्फे डरावकर आले. नदी हवी यावर तिघांचं लगेच एकमत झालं. मग खर्चाची वाटणी निघाली.

"ज्याचं जेवढं वजन, तेवढा त्याचा वाटा," डरावकर म्हणाले.

"तुझ्या वजनाला काय होतंय रे मेल्या!" चांदीआत्या फुरफुरली. "डोक्यामागे सारखं घ्या. तुमच्या डबक्यात डोकी किती, मोज बघू."

"डोक्यांचं नका काढू, आत्या. त्यातली निम्मी अजून शेपटीवाली आहेत. त्यापेक्षा पायांवर घेऊ."

दहा पायांचे तिरकेमास्तर हे ऐकताच सभेतून आडवे चालत निघाले. त्यांना परत आणण्यात संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी तहानेप्रमाणे वाटणी करायचं ठरलं, तेव्हा कुणालाच तहान नव्हती.

एवढ्यात मागून बारीक आवाज आला. "आमचा वाटा किती?"

एक म्हातारी लाल मुंगी होती. तिरकेमास्तरांनी डोळे उंच करून तिच्याकडे पाहिलं. "तुमचं घर नदीपासून लांब, बाई. तुम्ही लाभार्थी नाही. बसा."

"बसते. पण थोरले त्या दिवशी उठले कसे, ते जर—"

"विषयाला धरून बोला."

मुंगी बसली. सुरयीला तिची दया आली, पण तिलाही घाईच होती. "अहो, भांडता कसले?" ती ओरडली. "पंचवीस-पंचवीस द्रोण चौघांनी आणा. माझे मी उद्याच भरते!" सगळे वरमले आणि वाटणी एकदाची झाली.

दुसऱ्या दिवसापासून पाणी वर जाऊ लागलं. पळसाच्या पानांचे द्रोण लावले गेले. खेकडे नांग्यांत द्रोण धरून टेकडी आडवी चढत. चढायला त्यांना तिप्पट वेळ लागे. बेडूक गालांत पाणी भरून नेत आणि वर पोचल्यावर कुणी 'कसं काय?' विचारलं की उत्तर देऊन सगळं सांडत. सांडलेलं बगळा मोजत नसे. चांदीआत्या डोहात लोळून, तशीच निथळत वर जाई आणि तळ्याकाठी अंग झाडे. ते दीड द्रोण धरायचं की दोन, यावर रोज वाद होई.

सुरय चोचीने थेंब थेंब उचलत होती. जवळात जवळचं पाणी तिच्या बेटाभोवतीचंच होतं, म्हणून ती तिथलंच नेत होती. जवळचं नेलं की लवकर होतं, एवढा साधा हिशेब.

तिसऱ्या दिवशी कोल्हा आला. त्याने दोन्ही पंजे जोडले. "सुरयबाई, गेल्या वर्षीचं मनात ठेवू नका. सार्वजनिक काम आहे. मी तुमच्या वाट्याचं वाहतो, तुम्ही अंड्यांवर बसा."

सुरयीचे डोळे भरून आले. माणसं बदलतात तसे कोल्हेही बदलतात, असं तिला मनापासून वाटलं. कोल्हा खरोखरच कामाचा निघाला. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तो बेटाभोवतीचं पाणी द्रोणांनी उपसून वर नेई. त्याने कधी एक थेंब सांडला नाही. शंभरच्या जागी एकशे दहा द्रोण झाले, तेव्हा वरचे दहा त्याचेच होते. सभेने त्याच्या अभिनंदनाचा ठराव केला आणि सुरयीने त्याला अनुमोदन दिलं.

सुनावणीच्या दिवशी सगळे नटूनथटून वर गेले. हत्ती तळ्याकडे तोंड करून बसलाच होता. बगळ्याने दुसरा पाय खाली टेकवला, तेव्हा प्रसंगाचं गांभीर्य सगळ्यांना कळलं.

"अर्जदारांनी शुल्क मुदतीत भरलं, याची नोंद घेतली आहे," बगळा वाचू लागला. डरावकरांचा गळा अभिमानाने फुगला. "ज्यांच्याकडे द्यायला एकशे दहा द्रोण पाणी आहे, त्यांना पाण्याची टंचाई आहे, असं म्हणता येत नाही. शिवाय नव्या पाण्यामुळे तळं भरून आलं आहे आणि साहेबांना बसायला पूर्वीपेक्षा गार वाटतं आहे. सबब सरकण्याचं कारण दिसत नाही."

"आणि आमचं पाणी?" सुरयीचा आवाज चिरकला. "ते तरी परत द्या!"

"देणार ना. बहाव्याचं शेवटचं फूल गळेल त्या दिवशी. नदीतूनच येईल, तुम्हाला न्यायलाही यावं लागणार नाही."

बगळ्याने पाय पुन्हा पोटाशी घेतला.

परत येताना चांदीआत्या म्हणाली, "काही म्हणा, आपलं ऐकून तरी घेतलं." तिरकेमास्तरांनी फेरअर्जाची कल्पना मांडली. त्याला दोनशे द्रोण लागणार होते. डरावकर प्रत्येकाला थांबवून विचारत होते, 'मुदतीत' हा शब्द त्यांनी ऐकला की नाही.

सुरय बेटाकडे उडाली. वरून तिला पहिल्यांदाच सगळं एकदम दिसलं. बेटाभोवती पाण्याचा नुसता ओलसर पट्टा राहिला होता. अंडी जागच्या जागी होती. काठावर कोल्हा बसला होता. त्याने पंजा पाण्यात घातला, कुठपर्यंत भिजला ते पाहिलं आणि झटकला.

"वाईट झालं हो, सुरयबाई. फार वाईट झालं. एवढी मेहनत केली आपण!" त्याने सुस्कारा सोडला. "परवापर्यंत वाळेल, नाही का?"

सुरय तडक खिंडीकडे परतली. हत्तीला चोच मारावी, बगळ्याला खाली पाडावं, दगडावरचा नियम खरवडून काढावा, असं बरंच काही तिच्या मनात होतं. यातलं एकही तिच्याने झालं नसतं. ती नियमाच्या दगडावर जाऊन टेकली आणि रडू लागली.

दगडावर ती म्हातारी लाल मुंगी आधीच होती. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतून ती सावकाश, शब्द शब्द चालत होती. 'उठले'च्या शेवटाला पोचली आणि थांबली.

"अर्धंच लिहिलंय," ती म्हणाली. "सभेत सांगत होते, तर बसवलंत. बहाव्याचं शेवटचं फूल काय, दरवर्षीच गळायचं. त्या दिवशी आमची खापरपणजी थोरल्यांना चावली होती."

सुरयीचं रडू थांबलं. "कुठे?"

"ते आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे. लहानपणीच शिकवतात."

सुरयीने वर पाहिलं. हत्तीचा सगळ्यांनी नमस्कार केलेला भाग उन्हात डोंगरासारखा पसरला होता. दगडाच्या कडेवरून लाल मुंग्यांची एक रांग त्याच्या दिशेने निघून, मध्येच वाट बघत उभी होती.

"पण ते एकदम उठले तर पूर येईल," सुरय कुजबुजली. "माझी अंडी—"

मुंगीने पुढच्या पायांनी मिशा पुसल्या.

"उठवायचं की नुसतं सरकवायचं, तेवढं सांगा. त्याप्रमाणे चावतो."