कोरा सोमवार

एका तालुक्याच्या गावी एक तंत्रनिकेतन होतं. तिथे शेवटच्या वर्षाला गौतमी नावाची मुलगी शिकत होती. बुद्धी तल्लख, हात चपळ. लिहायचा मात्र भारी कंटाळा.

वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने आणि तिची मैत्रीण शबाना हिने गावच्या रक्तपेढीसाठी एक प्रोग्रॅम केला होता. रक्तगट टाकला की आज कोणकोण रक्त देऊ शकेल, त्यांची नावं पडद्यावर येत. रक्तपेढीच्या सिस्टर परीक्षा झाली की लगेच तो वापरणार होत्या.

कॉलेजचा नियम असा, की आधी कामाची आखणी लिहायची आणि मग दर शनिवारी डायरीत नोंद करायची. ठरवलं काय, झालं काय, अडलं कुठे. शेवटी सोनटक्के मॅडम डायरी तपासून सही करत. मुलांचा नियम मात्र निराळाच होता. अख्खी डायरी शेवटी एका बैठकीत भरायची, तीन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे जुनी वाटते!

गौतमीही एका सोमवारी दिवेलागणीला डायरी आणि तीन पेनं घेऊन स्वयंपाकघरात बसली. आई ओट्यापाशी होती. तिचे सोळा सोमवार चालले होते.

दहा शनिवार भराभर झाले. अकराव्याला पेन अडलं. सिस्टरांनी सांगितलं होतं, पुरुषाने रक्त दिलं की पुन्हा देण्याआधी तीन महिने थांबायचं, बाईने चार. तो बदल प्रोग्रॅममध्ये केला होता का? आठवेना. तिने शबानाला फोन लावला.

"तूच करणार होतीस ना?" शबाना म्हणाली.

"मला वाटलं, तू केलास."

"मग लिही काहीतरी. डायरी कोण वाचतंय?"

गौतमीने निळ्या पेनाने लिहिलं, 'चाचणी घेतली. बरोबर आली.'

मान वर केली तर समोर भिंतीवरची दिनदर्शिका. झालेल्या प्रत्येक सोमवारावर आईने कुंकवाचं बोट टेकवलेलं. मधला एक मात्र कोरा.

"आई, हा राहिला का ग?"

"त्या दिवशी तापाने फणफणले नव्हते का मी? डॉक्टरांनी औषधाआधी खायला लावलं. उपास मोडला. आता शेवटी एक सोमवार वाढवायचा."

"वाढवतेस कशाला? बोट लाव नि मोकळी हो. कोण बघतंय?"

आई हसली. "महादेवाचं राहू दे. या भिंतीसमोर रोज उभी मीच राहते ना!"

गौतमीने उरलेले शनिवारही भरले आणि डायरी मिटली. पण ते निळं वाक्य काही डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पानं चाळली. "वा! यंदा कुणीतरी वेळच्या वेळी लिहिलंय," असं म्हणत त्यांनी पेनाचं टोपण काढलं. शबानाने हळूच कोपर मारलं. गौतमीच्या मनात आलं, एखादी अशक्त बाई उद्या मुदतीआधीच रक्त द्यायला बोलावली जाईल, आणि कागद म्हणेल, तपासलं होतं.

"मॅडम, सही नका करू. हे सगळं मी काल संध्याकाळी लिहिलंय."

"झालं! बुडालो," शबाना पुटपुटली.

मॅडमनी टोपण परत लावलं. "डायरीचे गुण जातील, ठाऊक आहे?"

"हो, मॅडम."

"मग नवी वही आण. आजची तारीख टाक. परीक्षेला तेरा दिवस आहेत."

दोघींनी पहिल्या पानावर लिहिलं, काय काय तपासायचं राहिलंय. मग शंभर दिवसांपूर्वी, म्हणजे चार महिने व्हायच्या आतच, रक्त दिलेल्या एका बाईचं खोटं नाव घातलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'आज देऊ शकतात.'

शबानाचा चेहरा उतरला. "बाई ग! आणि आपण लिहिलं होतं, बरोबर आली!"

चूक दुरुस्त झाली. कधी सापडली, कशी सुधारली, तेही वहीत तारखेसकट उतरलं.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. वही उलटून म्हणाले, "चार महिन्यांचं काम, आणि नोंदी तेराच दिवसांच्या?"

"हो, सर. आधी लिहिलंच नाही. जे आहे ते खरं आहे."

परीक्षकांनी डायरीचे गुण कापले. मग त्या चुकीचं पान दोनदा वाचलं आणि वही परत देत म्हणाले, "प्रोग्रॅमबरोबर हीसुद्धा रक्तपेढीत द्या. पुढे त्यांना हीच उपयोगी पडेल."

गौतमी घरी आली तेव्हा आईचा वाढवलेला सोमवार पार पडून उद्यापन चाललं होतं.

"आई, गुण कापले."

"आणि प्रोग्रॅम?"

"सिस्टर उद्यापासून वापरणार."

आईने तिच्या हातावर चुरम्याचा प्रसाद ठेवला. "घे. तुझाही राहिलेला सोमवार झाला म्हणायचा."

तात्पर्य: काम करतानाच त्याची नोंद करावी, आणि जे राहिलं ते राहिलं असंच लिहावं. खोट्या नोंदीने भरलेल्या पानापेक्षा खरं कोरं पान बरं. कोऱ्या जागी राहिलेलं काम उद्या तरी करता येतं.